वाजवावं की वाजवू नये? यहूदी मेन्युइन, शांतता आणि माझ्यापुढचा एक प्रश्न

तंतुवाद्य (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचायला येतो, लिहितो क्वचितच. आज मात्र लिहितोय, कारण एका गोष्टीचा निर्णय होत नाहीये.

मी एका तालुक्याच्या गावी व्हायोलिन शिकवतो. २२ वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी गावात दंगल झाली. मिरवणुकीवरून बाचाबाची, मग दगडफेक, आणि रात्री बाजारपेठेतली ३ दुकानं जळाली. त्यातलं एक माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं, कापडाचं. आता सगळं निवळलंय म्हणतात. पुढच्या महिन्यात सलोख्याचा कार्यक्रम आहे. मोठी माणसं येणार, भाषणं होणार, आणि मध्ये अर्धा तास मी वाजवावं असं आयोजकांचं म्हणणं आहे. मी होही म्हटलेलं नाही आणि नाहीही. चहाच्या टपरीवर एक ओळखीचा माणूस म्हणाला, "सर, पेटलं तेव्हा कुणी आलं नाही, आता वाजवायला येताय." ते मनातून जात नाही.

त्या दिवसापासून मी यहूदी मेन्युइनबद्दल मिळेल ते वाचतोय. विसाव्या शतकातला मोठा व्हायोलिनवादक, १९१६ चा जन्म, न्यूयॉर्कचा. लहानपणीच जगभर नाव झालं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी ५०० हून जास्त कार्यक्रम केले. पण मी अडकलोय ते जुलै १९४५ पाशी. बेर्गन-बेल्सनची छळछावणी एप्रिलमध्ये ब्रिटिशांनी मुक्त केली. सुटका झाल्यावरही माणसं मरतच होती. वाचलेल्यांना शेजारच्या सैनिकी बराकींत हलवलं होतं. तिथे मेन्युइन गेला. पियानोच्या साथीला बेंजामिन ब्रिटन, इंग्लंडचा नामांकित संगीतकार. मेन्युइनचा ठरलेला साथीदार दुसरा होता, ब्रिटनने आपण होऊन ती जागा मागून घेतली. त्यांनी जर्मन संगीतकार मेंडेल्सोनचं व्हायोलिन कन्चेर्टो (मुख्य वादकासाठी लिहिलेली मोठी रचना) वाजवलं. मेंडेल्सोन जन्माने ज्यू, म्हणून नाझींनी त्याच्या संगीतावर बंदी घातली होती.

समोर अनिता लास्कर नावाची मुलगी बसली होती. ऑशविट्झ या नाझी छळछावणीतल्या बायकांच्या वाद्यवृंदात चेलो वाजवून जगलेली. तिने नंतर पत्रात लिहिलं की दोघांचे कपडे अगदी साधे, जवळजवळ गबाळेच होते, आणि त्या जागेला तेच शोभत होतं. ब्रिटन त्या दिवसाबद्दल आयुष्यभर जवळपास गप्प राहिला. शेवटी शेवटी एवढंच म्हणाला की त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक रचनेवर त्या अनुभवाची छाया आहे.

तर प्रश्न असा. जिथे माणसं होरपळली तिथे जाऊन वाजवणं म्हणजे नेमकं काय करणं? धीर देणं, की झालं ते झाकणं? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

रानजाई (सोमवार, रात्री १०:०५)

वाजवा सर. आमच्याकडे अशाच दिवसांत शाळा १५ दिवस बंद होती. उघडल्यावर संगीताच्या बाईंनी काही न बोलता पेटी उघडली आणि सगळ्या वर्गाकडून प्रार्थना म्हणून घेतली. दोन्हीकडची मुलं एका बाकावर होती. मला आजही तो दिवस आठवतो.

गिरणगाव (सोमवार, रात्री ११:१२)

मी विरोधात बोलणार आहे, राग नसावा.

बेल्सन आणि तुमचा कार्यक्रम यांत एक मोठा फरक आहे. बेल्सनमध्ये मेन्युइन जखम झालेल्या माणसांसमोर वाजवत होता. तुम्ही व्यासपीठावर बसलेल्यांच्या शेजारी वाजवणार. ज्यांचं दुकान जळलं ते पहिल्या रांगेत असतील का? तीन दुकानांचे पंचनामे झाले का? भरपाई मिळाली का? हे झालेलं नसेल तर तुमचं व्हायोलिन म्हणजे भिंतीच्या ओलीवर मारलेला चुना.

मेन्युइनइतकाच मोठा पाब्लो कासाल्स बघा. चेलोवादक, स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचा. १९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँको जिंकला आणि कासाल्स फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरातल्या प्राद नावाच्या गावात राहू लागला. आसपास स्पॅनिश निर्वासितांच्या छावण्या होत्या. त्यांच्यासाठी पैसे, कपडे, धान्य मागणारी पत्रं तो स्वतः लिहीत बसायचा. १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं प्रचंड स्वागत झालं. पण हिटलर गेला तरी फ्रँकोला कुणी हात लावत नाही हे दिसल्यावर त्याने कार्यक्रमच थांबवले. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत मी वाजवणार नाही, म्हणाला. जगातला सर्वांत मोठा चेलोवादक, आणि गप्प! मग १९५० मध्ये, थोर जर्मन संगीतकार बाखच्या मृत्यूला २०० वर्षं झाली तेव्हा, जगभरचे वादक त्या खेड्यात गेले आणि त्याच्यासोबत वाजवून आले. तो बाहेर पडला नाही.

न वाजवण्यातही ताकद असते सर. कलावंताच्या हातात तेवढंच एक शस्त्र असतं, आणि ते रक्त न सांडणारं आहे.

पुणेरी दिवा (मंगळवार, सकाळी ७:३०)

दोन्ही प्रतिसाद आवडले. थोडं अवांतर करतो, कारण मेन्युइनचं नाव निघालं आणि पुण्याचा उल्लेख झाला नाही तर आम्हाला चुकल्यासारखं होतं.

१९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युइन भारतात आला. ठिकठिकाणी कार्यक्रम केले आणि त्यांचं उत्पन्न दुष्काळग्रस्तांच्या मदतीला दिलं. मुंबईत त्याची गाठ बी.के.एस. अय्यंगारांशी पडली. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे, पण १९३७ पासून पुण्यात. मेन्युइन तेव्हा थकलेला होता, झोप लागत नव्हती. गुरुजींनी त्याला झोपवून डोळ्यांवर बोटं ठेवली आणि तो जवळपास तासभर गाढ झोपला. पाच मिनिटांची ठरलेली भेट काही तास चालली. १९५४ मध्ये त्याने त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि 'माझ्या सर्वोत्तम योगशिक्षकास' असं कोरलेलं घड्याळ भेट दिलं. युरोपला अय्यंगार कळले त्यात मेन्युइनचा वाटा मोठा. १९६६ मध्ये गुरुजींचं जगप्रसिद्ध झालेलं पुस्तक आलं, त्याची प्रस्तावनाही त्याचीच.

गुरुजींच्या मॉडेल कॉलनीतल्या संस्थेत मी काही वर्षं शिकलो. शवासनात पडलो की वाटायचं, युद्धाने थकलेला एक वादक याच विद्येने झोपला होता.

ओसरी (मंगळवार, सकाळी ८:०२)

दिवा, याची पुढची गोष्टही सांगा की! १९८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला १०० वर्षं झाली, तेव्हा मेन्युइनने शीर्षासन करून पायांनी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचं संचालन केलं होतं. वय ६६. माझ्या नवऱ्याला हे दाखवलं तर म्हणाला, "आमच्या बँडवाल्याला सांगू नकोस, वरातीत करून बघेल." :)

बर्लिनहून (मंगळवार, दुपारी १:४५)

गिरणगाव यांचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यातून असं वाटतं की मेन्युइन म्हणजे 'सगळीकडे जा, सगळ्यांसमोर वाजवा' एवढंच. तसं नाही. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि त्याच वर्षी जर्मन वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलरने परदेशी वादकांना बर्लिनला बोलावलं, तेव्हा मेन्युइनने नकार दिला. वय किती? १७. म्हणजे न वाजवण्याचं शस्त्र त्यानेही उचललं होतं.

आणि याच फुर्टवेंगलरपायी पुढे त्याने सगळ्यांत मोठी किंमत मोजली. हा माणूस नाझी पक्षाचा सभासद कधी झाला नाही, काही ज्यू वादकांना त्याने वाचवलंही, पण देश सोडला नाही. १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसानिमित्त वाद्यवृंद चालवला. युद्धानंतर चौकशी होऊन तो निर्दोष ठरला. मेन्युइनने ठरवलं की आता याच्यासोबत वाजवायचं. १९४७ मध्ये आधी ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये आणि मग बर्लिनमध्ये वाजवलं. युद्धानंतर त्याच्यासोबत वाजवणारा पहिला ज्यू एकलवादक हाच. अर्धं बर्लिन तेव्हा विटामातीचा ढिगारा होतं.

शहरात विस्थापित ज्यूंची छावणी होती. आईवडील, मुलं गमावलेली माणसं. मेन्युइनने त्यांच्यासाठी ठेवलेल्या कार्यक्रमाकडे त्यांनी पाठ फिरवली. छावणीच्या वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध जाहीर पत्र आलं. तर हा स्वतः छावणीत गेला. संतापलेल्या गर्दीसमोर उभा राहून त्याने आपली बाजू मांडली. मला यातलं वादन तितकं महत्त्वाचं वाटत नाही, हे जाणं वाटतं. हॉटेलात बसून पत्रक काढता आलं असतं.

आमच्या घरापासून ती जागा फार लांब नाही. मला तरी तिथे छावणीची काही खूण दिसली नाही.

गिरणगाव (मंगळवार, दुपारी ३:२०)

बर्लिनहून, १९३३ च्या नकाराची बाब माझ्या लक्षात नव्हती, आभारी आहे. पण १९४७ बद्दल मी छावणीतल्यांच्या बाजूने आहे. क्षमा करायचा हक्क ज्याने सोसलं त्याचा. मेन्युइनच्या घरातलं कुणी गॅसच्या कोठडीत गेलं नव्हतं, तो कॅलिफोर्नियात वाढला. दुसऱ्याच्या वतीने माफ करणं सोपं असतं.

बर्लिनहून (मंगळवार, दुपारी ४:०१)

मान्य, आणि छावणीतले लोकही हेच सांगत होते. पण तो 'माफ करा' असं सांगायला गेला नव्हता. मी का वाजवतोय ते तुमच्या तोंडावर सांगतो, तुम्ही मला बोला, असं ते होतं. आणि सोपं तर मुळीच नव्हतं. शिकागोच्या वाद्यवृंदाने फुर्टवेंगलरला बोलवायचं ठरवलं तेव्हा रुबिनस्टाइन, होरोविट्झ असे दिग्गज पियानोवादक विरोधात उभे राहिले. मेन्युइनने त्याची बाजू घेतली आणि आपल्याच लोकांत एकटा पडला. १९५० मध्ये तो इस्रायलला गेला तेव्हा धमक्या होत्या, बंदोबस्तात वाजवावं लागलं.

मांडवीकाठ (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

मी गोव्याचा. आमच्याकडे चर्चच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं. आजोबा तिथेच शिकले आणि पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत. मेन्युइनच्या तबकड्या त्यांच्याकडे होत्या. जुन्या आधी लावायचे, मग नंतरच्या, आणि म्हणायचे, "ऐक, इथे गज (व्हायोलिनची कांडी) थरथरतो."

युद्धात ५०० कार्यक्रम म्हणजे काय, ते वाजवणाऱ्याला कळेल. इस्पितळं, विमानतळ, बराकी, थंडी, झोप नाही, रियाजाला वेळ नाही. लहानपणी सगळं आपोआप यायचं, त्यामुळे हात कसा चालतो याचा विचारच कधी केला नव्हता. युद्धानंतर उजवा हात अडखळू लागला. एवढ्या मोठ्या कीर्तीचा माणूस तिशीत गज कसा धरायचा ते नव्याने शिकायला बसला. पुणेरी दिवा यांनी सांगितलेली झोपेची गोष्ट त्याच दिवसांतली. तो योगाकडे गेला ते हौसेने नव्हे, हाताने दगा दिला म्हणून. नंतरच्या त्याच्या वादनाला बरेच जण नावं ठेवतात. आजोबा ठेवत नसत. ते म्हणत, हा हात कुठे झिजला ते आधी बघा.

तंतुवाद्य सर, तुम्ही कुठल्या पद्धतीने वाजवता? बसून की उभ्याने?

तंतुवाद्य (मंगळवार, रात्री ८:१५)

बसूनच, आपली हिंदुस्थानी पद्धत, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर. तुमच्या आजोबांचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

गिरणगाव, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पंचनामे झालेत. भरपाई कुणालाच मिळालेली नाही. पहिल्या रांगेत कोण बसणार ते मी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं.

मिरजेची तार (मंगळवार, रात्री ९:५०)

जवळचं उदाहरण घ्यायचं तर झुबिन मेहता. मुंबईचा पारशी मुलगा, वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. ७ सप्टेंबर २०१३ ला मेहतांनी श्रीनगरच्या शालिमार बागेत जर्मनीचा बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा घेऊन कार्यक्रम केला. काश्मिरी वादकही सोबत होते. दूरदर्शनवर पाहताना चिनार, कारंजी, सूर, सगळंच डोळ्यांत मावत नव्हतं.

पण बागेत फक्त निमंत्रित. बाहेर बंद, नाकाबंदी. त्याच दिवशी शहरात काही लोकांनी 'हकीकत-ए-कश्मीर' नावाचा वेगळा कार्यक्रम घेतला, आमचं वास्तवही ऐका म्हणून. मेहतांनीच नंतर बोलून दाखवलं की पुढच्या वेळी सगळ्यांना येता येईल अशा मैदानात करू.

मेहतांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. १९९४ मध्ये बोस्नियातल्या युद्धात साराजेव्होला वेढा असताना, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्न भिंतींत मोझार्टचं रेक्विएम (मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत) करणारा हाच माणूस. पण कुंपण कुठे घातलं यावर सुरांचा अर्थ बदलतो. गिरणगाव म्हणतात ती पहिली रांग हाच खरा मुद्दा आहे.

रानजाई (मंगळवार, रात्री १०:२०)

मिरजेची तार, +१००. मी पहिल्या प्रतिसादात घाईने 'वाजवा' म्हटलं होतं. आमच्या बाईंनी वर्गात पेटी काढली होती, व्यासपीठावर नाही. वर्गात सगळेच होते. हा फरक मला आत्ता कळला.

षड्जपंचम (बुधवार, सकाळी ६:५०)

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे.

आपल्या संगीताचा भाग कुणी मांडला नाही म्हणून चार ओळी. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय संगीताची मैफल झाली ती मेन्युइनच्या पुढाकाराने. त्याला पंडित रविशंकर हवे होते, त्यांना जमलं नाही, मग उस्ताद अली अकबर खाँ गेले. तबल्यावर चतुरलाल. काय ऐकणार आहात ते श्रोत्यांना समजावून सांगायला मेन्युइन स्वतः उभा राहिला. १० डिसेंबर १९६७ ला, मानवी हक्क दिनी, रविशंकर आणि मेन्युइन संयुक्त राष्ट्रांत एकत्र वाजवायला बसले, अल्लारखाँ साहेब तबल्यावर. मेन्युइनला आपल्यासारखं उत्स्फूर्त वाजवता येत नसे, त्याच्यासाठी जागा लिहून घ्याव्या लागत. जगातला एवढा नामांकित वादक पंडितजींच्या शेजारी विद्यार्थ्यासारखा बसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. शांततेची भाषणं पुष्कळ होतात, पण दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याचा 'सा' लावून घ्यायला मोठं मन लागतं.

कोकणी चहा (बुधवार, सकाळी ९:१०)

'त्याचा सा लावून घ्यायला', क्या बात है!

बर्लिनहून (बुधवार, दुपारी १२:३०)

वर कुणी म्हणू नये की मेन्युइन फक्त गोड बोलत फिरला, म्हणून दोन प्रसंग.

१९७१, मॉस्को. आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचा तो अध्यक्ष होता. भाषणात त्याने सोल्झेनित्सिनचं नाव आदराने घेतलं. सोव्हिएत सरकारला नकोसा झालेला लेखक, आणि यजमान तेच सरकार! तिथल्या वर्तमानपत्रांनी तो भाग गाळला. चेलोवादक रोस्त्रोपोविचला परदेशी जाऊ द्यावं म्हणूनही तो खटपट करत राहिला. तोच रोस्त्रोपोविच नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडत असताना एका खुर्चीवर बसून भिंतीपाशी बाख वाजवत होता.

दुसरा प्रसंग १९९१ चा. इस्रायलने त्याला वुल्फ पुरस्कार दिला. स्वीकारताना त्याने तिथल्या संसदेत उभं राहून सांगितलं की एका परावलंबी समाजाला असं भीतीने आणि अवमानाने दाबून राज्य करणं, हे ज्यांनी स्वतः तसंच जगणं भोगलंय त्यांनी तरी करू नये. पुरस्कार देणाऱ्याच्याच घरात हे बोलायचं!

म्हणून तंतुवाद्य, मला वाटतं 'वाजवावं की नाही' याच्या पुढे जाऊन, वाजवायला गेल्यावर तोंड उघडणार का, हेही ठरवा.

शेवंताकाकू (बुधवार, दुपारी २:४०)

मी ३१ वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आता निवृत्त आहे. मेन्युइन वगैरे मला तुम्हा सर्वांमुळे कळला, फार छान वाटलं वाचून.

पण तंतुवाद्य, बाळा, एक विचारते. तुझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना तू विचारलंस का? ती मुलगी क्लासला येते का अजून? तू आम्हाला विचारतोयस, पुस्तकांना विचारतोयस. ज्यांचं दुकान जळलं त्यांच्या घरी दोन महिन्यांत जाऊन चहा प्यायलास का?

गिरणगाव (बुधवार, दुपारी ३:०५)

काकू, _/\_

तंतुवाद्य (बुधवार, रात्री ११:३०)

काकू, नाही गेलो. मुलगी दोन महिने आलेली नाही. तिचं व्हायोलिन माझ्याकडेच आहे, खुंटी बदलायला ठेवून गेली होती. मी रोज ते बघतो. काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणून गेलो नाही. उद्या जातो.

ओसरी (गुरुवार, सकाळी ७:१५)

जाताना ते व्हायोलिन घेऊन जा.

गिरणगाव (गुरुवार, सकाळी ११:००)

काल रात्री कासाल्सबद्दल पुन्हा वाचत बसलो आणि एक गोष्ट इथे मांडली पाहिजे, कारण मी त्याला फार सरळ रेषेत उभा केला होता.

अमेरिकेने फ्रँकोला मान्यता दिली होती, म्हणजे तिथे त्याने वाजवायचंच नव्हतं. तरी २४ ऑक्टोबर १९५८ ला त्याने न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात वाजवलं. १३ नोव्हेंबर १९६१ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्येही. तेव्हा तो ८४ वर्षांचा होता. केनेडींकडून त्याला आशा होती. नंतरची वर्षं तो स्वतः रचलेली शांततेची संगीतिका घेऊन देशोदेशी हिंडला. १९७१ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांत पुन्हा चेलो घेतला आणि कॅटलोनियातलं पक्ष्यांचं जुनं लोकगीत वाजवलं. म्हणाला, माझ्या देशातले पक्षी 'शांतता, शांतता, शांतता' असं गातात. दोन वर्षांनी तो गेला. फ्रँको त्याच्या मागून २ वर्षांनी गेला. आपला देश मोकळा झालेला त्याला बघायला मिळाला नाही. १९७९ मध्ये त्याच्या अस्थी तेवढ्या घरी आल्या.

म्हणजे नकार देणारा शेवटी वाजवायला गेला, आणि सगळीकडे वाजवणाऱ्याने १७ व्या वर्षी नकार दिला होता. दोघांनीही आपापला नियम मोडला, पण कुणासाठी मोडतोय ते दोघांनाही माहीत होतं. सर, मी 'वाजवू नका' हे माझं म्हणणं मागे घेतो. 'आधी विचारा' एवढंच ठेवतो.

मिरजेची तार (गुरुवार, दुपारी १२:१०)

गिरणगाव, असा प्रतिसाद आंतरजालावर क्वचित वाचायला मिळतो.

तंतुवाद्य (शुक्रवार, रात्री १०:२०)

काल गेलो होतो. आज सावकाश लिहितोय.

दार मुलीनेच उघडलं. व्हायोलिन बघून आत पळाली आणि आईला घेऊन आली. वडील जमिनीवर हिशेबाच्या वह्या पसरून बसले होते, अर्धवट जळालेल्या, कडा काळ्या. कुणाकडून किती उधारी येणं आहे ते त्यातून शोधत होते. चहा झाला. मी म्हटलं, मला यायला उशीर झाला. ते म्हणाले, "सर, तुम्ही आलात ते बरं केलंत. फी राहिलीय म्हणून मुलीला पाठवत नव्हतो." दोन महिने मी काय काय समजत होतो, आणि कारण हे होतं.

मग कार्यक्रमाचं विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "वाजवू नका असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी स्टेजवरून सगळे म्हणतील, आता गावात काही राहिलं नाही. माझं दुकान तर तसंच आहे. आधी तिथं या." बर्लिनहून, तुमची छावणीची गोष्ट तेव्हा डोळ्यांपुढे आली.

आज सकाळी आयोजकांना भेटलो. सांगितलं की मी वाजवेन, पण तिन्ही दुकानदारांची कुटुंबं पहिल्या रांगेत हवीत, वाजवायच्या आधी मी दोन मिनिटं बोलणार, आणि भरपाई अडकलीय हे त्यात असेल. मानधन नको. ते विचार करून सांगतो म्हणाले. चेहऱ्यावरून वाटतंय की नाही म्हणतील. म्हणोत.

परवा रविवारी सकाळी ७ वाजता मी त्या जळक्या दुकानासमोर बसून वाजवणार आहे. समोरच्या चहावाल्याने सतरंजी देतो म्हटलंय. टपरीवर मला बोलला होता तो हाच.

एक विचारायचं होतं. सकाळची वेळ, उघड्यावर, आजूबाजूला काजळलेल्या भिंती. काय वाजवू?

षड्जपंचम (शुक्रवार, रात्री १०:३२)

अहिर भैरव. विलंबित घ्या, घाई करू नका. द्रुत जमलं नाही तरी चालेल.

मांडवीकाठ (शुक्रवार, रात्री १०:४०)

अहिर भैरवला माझंही मत. उघड्यावर सकाळच्या दवाने वाद्याचा सूर हलतो, अर्धा तास आधी जाऊन वाद्य तिथल्या हवेत ठेवा.

शेवंताकाकू (शुक्रवार, रात्री १०:५५)

मुलीला तानपुऱ्यावर बसव. फीचं मी बघते, तुझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

तंतुवाद्य (शुक्रवार, रात्री ११:१०)

काकू, फी मी घेणारच नाहीये. तानपुऱ्याचं मात्र तिला आत्ताच विचारलं. म्हणाली, "सर, तानपुरा नको. खुंटी नीट झालीय ना? मी व्हायोलिनच आणते."